रात्रपाळी

चवथीला आलेल्या गौरेशने
माझ्या मनगटावर हे काळं घड्याळ बांधलं.
म्हणाला, आजी, फोनला आता सगळं कळतं,
किती चाललीस, किती झोपलीस.
मी म्हटलं, आमच्या वेळी बाबा
फोनला काही म्हणजे काही कळत नसे.
कळायचं ते मला.

मडगावचं एक्स्चेंज, खिडकीजवळची तिसरी खुर्ची,
कानाला हेडफोन, हातात दोऱ्या.
बाहरीन. कुवेत. कुठल्याशा बंदरात थांबलेली बोट.
तारवट्यांच्या बायका रात्री दोनला
तीन मिनिटं मोजून रडायच्या
आणि मी घड्याळाकडे पाठ करून
त्यांना अर्धं मिनिट जास्त द्यायचे.
एकोणीस वर्षं रात्रपाळी.
झोप अजून माझ्याकडे भर दुपारी येते,
जेवण झाल्यावर, चुकीच्या घरी आल्यासारखी.

आता सकाळी सहाला मनगट थरथरतं.
चला, म्हणतं.
फोंड्याच्या डॉक्टरांनी साखर बघून
चार हजार पावलं लिहून दिलीत,
गोळ्यांसारखीच, जेवणाआधी.
बांदोड्याच्या तळीभोवती मी फिरते,
डावा गुडघा दर वळणावर हिशेब मागतो.
एक गोष्ट मात्र लवकर समजली:
नारळ खोवायला बसलं
की बसल्या जागी तीनशे पावलं होतात.
सोलकढीच्या दिवशी मी
जवळजवळ म्हापशाला पोचते.

गौरेशने फोनमध्ये एस्पेरांसालाही घातलंय.
शेजारची खुर्ची, चौथी. आता कुडतरीला असते.
तिची पावलं मला दिसतात, माझी तिला,
आणि ती रोज पाचशेने पुढे.
माझा संशय कुत्र्यावर आहे.
त्याच्या गळ्यात बांधत असणार घड्याळ,
तिला पत्त्यांतही हरायला आवडायचं नाही.

परवा पहाटे तीन दहा.
झोप नाही म्हणून फोन उघडला
(उघडू नये असं तोच सांगतो,
निळ्या उजेडाने म्हणे झोप उडते,
उडायला आधी असावी लागते)
तर एस्पेरांसाच्या नावापुढे
बावीस.
मग एकतीस.
मग अठ्ठावन्न.
पंचवीस किलोमीटर दूर, कुणाच्या तरी ओसरीवर,
अंधारात आकडे चालत होते.
कुत्रा या वेळी झोपलेला असतो.

मी नंबर लावला.
एकदाच वाजला.
पलीकडून तोच आवाज, ताठ बसलेला,
नंबर प्लीज?
आणि आम्ही दोघी हसलो, तोंडावर हात ठेवून,
सुपरवायझर अजून आत असल्यासारख्या.

न्हिद ना गो?
ना.

कायतान घोरायचा, ती म्हणाली,
तोवर मला घर ऐकूच आलं नव्हतं.
आता फ्रिज ऐकू येतो, पाल ऐकू येते,
न्हाणीतला नळ.
म्हणून चालते. चालताना फक्त चपला ऐकू येतात.
मी म्हटलं, बस जरा.
बसली. पावलं दोनशे बारावर थांबलेली
मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मग काय काय बोललो.
तिच्या मिरच्यांवर पडलेली कीड,
माझी साखर,
तो एक माणूस, डिसेंबरात फोन लावून
तीन मिनिटं नुसता खोकणारा,
आणि ऐकणारी बाई म्हणायची, होय, होय.
मी हललेसुद्धा नाही, पाठ टेकून पडलेली,
फोन उशीवर, हात पोटावर.
मध्ये कुणीही येऊन म्हणालं नाही
की तीन मिनिटं झाली.

सकाळी सहाला थरथर.
गाढ झोप, बावन्न मिनिटं.
तीन बारा ते चार चार.
या आठवड्यातली सर्वोत्तम. अभिनंदन.

गौरेशला कळवलेलं नाही.
तळीवर गेले, एक फेरी कमी घेतली,
आणि घरी येऊन
नारळ फोडला.